आकृती ४.७ मधला तिसरा डायोड

१२ सप्टेंबर, शुक्र. जळगाव

पुस्तक सापडलं. आबांच्या रिक्षात, मागच्या सीटखाली. उतारावर उभी केली की चाकाला अटकाव म्हणून लावायचे. "जाड होतं," म्हणाले. कव्हरवर टायरची नक्षी उमटलीय. आतली पानं धड आहेत.

बी.एस्सी.चा एकच पेपर राहिलाय, इलेक्ट्रॉनिक्सचा. तीन वर्षं लोंबकळतोय. मधल्या काळात मी रावेरला केळीच्या पॅकिंगवर, मग एका डीजेच्या गाडीवर, मग नाशिक, मग परत घरी. आज पव्याचा मेसेज: जुन्या पॅटर्नची ही शेवटची परीक्षा, नोव्हेंबरात. त्यानंतर हा अभ्यासक्रमच बंद. पव्या माझ्या वर्गातला, आता भुसावळला शिकवण्या घेतो. मेसेजखाली जोडलेले हात टाकले होते. माझ्यासाठी का पेपरासाठी, कळलं नाही.

जेवताना आबा म्हणाले, "पास झाला तर जिथं फिरायचं तिथं फिर. नाही झाला तर रिक्षा धर. मग मनात आलं की पळाला, असं चालणार नाही."

ठरलं, म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

१५ सप्टें., सोम.

वाचतोय. पहिल्यांदाच. कॉलेजात असताना फक्त खुणा केलेलं वाचायचो आणि खुणाही दुसऱ्याच्या.

चांगलं आहे. कबूल करायला जिवावर येतं, पण आहे. इंग्रजी साधं, वाक्यं आखूड. लिहिणारे सर धुळ्याचे, रिटायर झालेले. (पुढं पु.स. लिहीन, पुस्तकवाले सर.) ट्रान्झिस्टर समजावताना त्यांनी टॉकीजचा डोअरकीपर आणलाय. डोअरकीपर नुसता हात हलवतो आणि शंभर माणसं आत सुटतात. बेसचा करंट म्हणजे तो हात. तीन वर्षं पाठ करून जे कळलं नव्हतं ते पाव पानात कळलं. वर्गात हे कोणी सांगितलं असतं तर मी डीजेच्या गाडीवर गेलोच नसतो. खोटं आहे, गेलो असतो. पण समजून गेलो असतो.

मग उठून रस्त्यावर गेलो, एका माणसाच्या स्पीकरची जाळी बघत उभा राहिलो, दोन तास गेले.

१८ सप्टें., गुरु.

आज पुस्तकावर राग.

१. उदाहरणांची उत्तरं सगळी गोल. ट्रान्झिस्टरचा गेन (करंट किती पट होतो तो आकडा) कायम शंभर. बाजारात शंभरचा एक तरी आणून दाखवा.
२. पाच हजार ओहमचा रेझिस्टर घ्या म्हणे. दुकानात चार हजार सातशे मिळतो. त्याच्या शेजारचा पाच हजार शंभर. पाच नाही. एवढंसं सांगितलं असतं तर कोणी पोर काउंटरवर येडं ठरलं नसतं. (ते पोर मी.)
३. पुस्तकात लाईट कायम दोनशे तीस. आमच्या मळ्याकडं संध्याकाळी बल्ब पिवळा होतो आणि पहाटे फुटतो. त्यावर अख्ख्या पुस्तकात एक ओळ नाही.
४. कधीच इतिहासजमा झालेल्या व्हॅक्यूम ट्यूबवर मात्र अठरा पानं. अठरा!

राग पूर्ण झाला नाही, पण जेवायची वेळ झाली.

१९ सप्टें., शुक्र.

रफिकचाचांच्या दुकानात बसायला लागलो. चाचा चार्जर दुरुस्त करतात. सध्या कपाशीवर फवारणी जोरात, म्हणून बॅटरीवरच्या पंपांचे चार्जर ढिगानं येतात. मी म्हटलं बसून अभ्यास करतो, जमेल तेवढी मदत करतो. चाचा म्हणाले, "पढ भी, सोल्डर भी पकड. दोनों हाथ खाली नको ठेवू."

चाचांची एक पद्धत आहे. उघडलेली वस्तू थेट लाईटला कधीच लावत नाहीत. मध्ये शंभरचा बल्ब जोडतात, सिरीजमध्ये. बल्ब मंद राहिला तर काम बरोबर. फक्क उजळला तर आत कुठंतरी शॉर्ट. काही जळत नाही, धूर नाही, नुसता बल्ब चुगली करतो. पाचशे चाळीस पानांच्या पुस्तकात हा बल्ब नाही.

२३ सप्टें., मंगळ.

तीन दिवस वाया. लिहून ठेवतो.

वाटलं, वाचलेलं एक तरी हातानं करू. धडा चार, ब्रिज रेक्टिफायर. चार डायोड (करंट एकाच दिशेनं सोडतात ते) चौकोनात लावायचे, एका बाजूनं एसी आत, दुसऱ्या बाजूनं डीसी बाहेर. चार्जरचा जीव हाच. आकृती ४.७ समोर ठेवून जसंच्या तसं जोडलं. बल्ब फक्क.

एक डायोड खराब असेल. बदलला. फक्क. चारही बदलले. फक्क. ट्रान्सफॉर्मर बदलला. फक्क. काल दिवसभर मी स्वतःलाच शिव्या देत होतो.

आज चाचांनी चष्मा कपाळावर चढवून पुस्तक हातात घेतलं. इंग्रजी येत नाही त्यांना. आकृतीवर बोट फिरवलं, एकेका डायोडची चंदेरी पट्टीची बाजू (करंट बाहेर पडतो ती) कुठं येते ते बघत गेले, तिसऱ्यावर थांबले.

"ये उलटा है."

"चाचा, छापलेलं आहे."

"तो छापलेला उलटा है. डायोड को पढना नहीं आता, मियां."

तिसरा फिरवला. बल्ब विझत विझत मंद झाला. मीटरवर डीसी, साफ.

मग मी आकृतीखालचा मजकूर वाचला. मजकूर बरोबर! कुठल्या अर्ध्या फेरीत कोणते दोन डायोड चालतात ते नीट लिहिलंय. तेच आकृतीत बघितलं तर जमतच नाही, शॉर्टच होतं. मजकूर एक सांगतो, चित्र दुसरं, एकाच पानावर, समोरासमोर.

आणि मी? मी हीच आकृती कॉलेजच्या चाचणीत काढली होती. लाल टिक, पूर्ण मार्क. आम्ही सगळ्यांनी काढली. लॅबमध्ये कोणी डायोड जोडलाच नाही ना कधी. बंद डबा असतो, वर हेच चित्र चिकटवलेलं, आत काय ते कंपनीला माहीत. दोन वायरी खुपसायच्या आणि रीडिंग मागच्या वर्षाच्या जर्नलमधून उतरवायची. डबा चालतो, म्हणून चित्र बरोबर.

२४ सप्टें., बुध.

पव्याला फोन.

"४.७ मध्ये तिसरा डायोड उलटाय."

"हां. मग?"

"मग म्हणजे? तुला माहीत होतं?"

"नाही. पण मग काय करू? चाळीस पोरांना तीच शिकवली मी. झेरॉक्सवाल्याच्या नोट्समध्ये तीच आहे. तपासणारे तीच बघून मार्क देतात. तुला पास व्हायचंय ना रे भो?"

"बरोबर काढून होईन."

"तू तर गणपतीची आरतीपण तुझ्याच चालीवर म्हणशील." फोन ठेवला त्यानं. दहा मिनिटांनी मेसेज: "चेक केलं. उलटाच आहे च्यायला."

१२ ऑक्टोबर, रवि. धुळे

मामाकडे आलो. निमित्त दिवाळीचं आमंत्रण, खरं काम पु.स. पत्ता प्रस्तावनेखाली छापलेला, देवपूर.

मामी दारातच: "इतला वाळी गया रे भाऊ! आते काय करी ऱ्हायना तू?" म्हटलं परीक्षा आहे, अभ्यासानं वाळलो. "मंग बठ्ठं पुस्तक पाठ व्हई गयं का?" म्हटलं सगळं कुठलं मामी, पुस्तकच चुकलंय. मामी मामाला हाक मारून हसायला लागली. जेवू घातलं मात्र दोघांना पुरेल एवढं.

चारला सरांकडे. बनियनवर, कुंड्यांना पाणी घालत होते. मला वाटलं होतं उंच असतील. पुस्तक जाड म्हणून बहुतेक.

"सर, तुमचं पुस्तक वाचलं."

"कोणी वाचतं अजून?" खूश झाले. डोअरकीपरचं सांगितलं तर आणखी खूश. तो खरा होता म्हणे, त्यांच्या तरुणपणी इथल्याच टॉकीजला. घरात हाक मारून त्यांच्या बाईंना चहा टाकायला सांगितला. मी आधी अर्धा कप संपवला. मग पान उघडून ठेवलं.

सरांनी आधी मजकूर वाचला, मोठ्यानं. "बरोबर आहे."

"मजकूर बरोबरच आहे सर. आकृती बघा."

बघितली. खूप वेळ. बाई बिस्किटं ठेवून गेल्या.

"हस्तलिखितात सरळ होता. आकृत्या प्रेसमधल्या माणसानं काढल्या."

"मग प्रूफ कोणी वाचलं?"

"मी."

चहा गार. मला वाटलं आता हाकलतील. नाही. परीक्षा कधी विचारलं. नोव्हेंबर, शेवटची संधी, तेही सांगितलं. तर म्हणतात, "पुस्तकासारखीच काढ."

"तुम्ही सांगताय?"

"मीच सांगतोय. तपासणाऱ्यापुढं गठ्ठा असतो. त्याला ओळखीची आकृती दिसली पाहिजे. एका डायोडसाठी वर्ष नको घालवू, बाळा. नवीन आवृत्तीत बघू."

"नवीन कधी येणार?"

"अभ्यासक्रम समितीपुढं आहे."

उठलो. बाळा म्हणाले ते जास्त लागलं. निघताना पुस्तकात नंबर लिहून द्या म्हटलं, दिला, माझाही घेतला. गेटपर्यंत आले. चप्पल न घालता.

१३ ऑक्टो., सोम.

परतीच्या बसमध्ये. पारोळ्याच्या पुढं. माझं डोकं फिरलंय.

ज्यानं मजकूर इतका नीट लिहिला तोच माणूस मला चूक काढ म्हणतो. म्हणजे त्याचं पुस्तक त्याच्यापेक्षा बरं आहे. पुस्तकात कुठंच लिहिलं नाही की तपासणाऱ्याला बघून करंट जातो.

मागच्या सीटवर एक आजोबा कोंबडी घेऊन बसलेत. कोंबडी तिकीट फाडतेय. उरलेलं घरी लिहीन.

(लिहिलं नाही.)

११ नोव्हेंबर, मंगळ. जळगाव

झाला पेपर.

प्रश्न तीन, आठ मार्क: ब्रिज रेक्टिफायरची सुबक आकृती काढून कार्य स्पष्ट करा. वाचलं आणि कान गरम झाले. दोन्ही काढाव्यात का, हीपण एक, तीपण एक? पाच मिनिटं तोच विचार. मग स्वतःचाच राग आला. दोन्ही काढणारा दोन्हीकडून खोटा.

एकच काढली. सरळ. पट्ट्यासुद्धा दाखवल्या. खाली एक ओळ जास्त: पुस्तकातल्या आकृतीत तिसरा डायोड उलट छापलाय, तसा जोडल्यास शॉर्ट होतो, करून पाहिलं आहे.

शेजारचा पोरगा वाकून बघत होता. "दादा, तुमचा तिसरा उलटा झाला." म्हटलं, तू तुझं बघ. त्यानं स्वतःचा खोडून पुन्हा तसाच काढला, पुस्तकासारखा, जास्त गडद.

बाकीचा पेपर ठीक. ट्यूबवर प्रश्न होता, तो सोडला. अठरा पानं वाचणार नव्हतोच.

९ जानेवारी, शुक्र.

ऐंशीपैकी एकोणतीस. पासिंग बत्तीस.

आबा रिक्षा पुसत होते. सांगितलं. डायोडचं सांगायला लागलो तर हात वर केला. "बरोबर-चूक मला नको सांगू. झाला का पास?"

"नाही."

किल्ली माझ्या हातात दिली. ठरलं होतं.

पण उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवायचा अर्ज टाकला आजच. ते ठरलं नव्हतं.

२१ जाने., बुध.

झेरॉक्स आली. रिक्षा नेहरू चौकात लावून तिथंच उघडली. एक बाई येऊन बसल्या, दोनदा म्हणाल्या, "येणार का हो भाऊ?" तिसऱ्यांदा उतरून गेल्या.

प्रश्न तीन. स्पष्टीकरणाला चारातले दोन. आकृतीला चारातलं शून्य. तिसऱ्या डायोडभोवती लाल गोल. अख्ख्या आकृतीत नेमका तोच. म्हणजे त्या माणसानं पुस्तक शेजारी ठेवून एकेक जुळवलंय. इतकं मन लावून! खालची ओळ वाचली असती तर... ओळीवरून लाल रेघ. वाचली होती.

चार मिळाले असते तर तेहतीस. मी पास.

कॉलेजात गेलो. विभागप्रमुख मॅडमनी शांतपणे बघितलं. त्या वाईट नाहीत. "फेरतपासणीला टाक. पण नवीन परीक्षकसुद्धा पुस्तकच उघडणार. ठरवलेलं पुस्तक आहे ते. लेखकांनी स्वतः लिहून दिलं की चूक आहे, तर मी शिफारस जोडते. नाहीतर तुझा शब्द आणि छापील पान."

"मॅडम, जोडून दाखवतो ना. आत्ता."

"मला दाखवून काय उपयोग? मला दिसतंय."

दिसतंय! मग शिकवता काय इतकी वर्षं, हे ओठावर आलं होतं. गिळलं. अर्ज तिथंच बसून भरला. पुस्तकाचं नाव, पान, आकृती. सरांचं नाव नाही लिहिलं. उत्तरपत्रिकेतल्या लाल गोलाच्या पानाची झेरॉक्स पाकिटात घालून धुळ्याला सरांना पोस्ट केली. सोबत चिठ्ठी नाही. विनवण्या मी करणार नाही. लाल गोल त्यांना वाचता येतो.

२७ जाने., मंगळ.

सरांचा फोन. दुपारी, रिक्षात तिघं बसलेले. बाजूला घेतली.

"मी सांगितलं होतं ना."

"सांगितलं होतं सर."

"गोल केलाय त्यानं."

"हो."

पॅसेंजर टकटक करायला लागले.

"अर्जात माझं नाव टाकलंस?"

"नाही. पुस्तकाचं टाकलं."

"एकच आहे ते." मग म्हणाले, समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. आत्ता चूक कबूल केली तर नव्या पॅटर्नला नवीन आवृत्ती लागणार नाही, दुसरंच पुस्तक लावतील. म्हातारपणी तेवढंच एक काम राहिलंय. हे सगळं मला का सांगतायत कळेना. मी परवानगी देऊ का?

म्हटलं, "सर, तुमचं पुस्तक चांगलं आहे. म्हणून तर राग येतो. वाईट असतं तर चाकाखालीच बरं होतं."

हसले का खोकले. "गुरुवारी येतो जळगावला. मॅडमना भेटायला."

पत्र आणणार का, विचारलं नाही.

२८ जाने., बुध.

रफिकचाचांना सांगितलं. म्हणाले, "आया तो मर्द. नहीं आया तो भी तेरा डायोड सीधा है." आणि लगेच एक चार्जर पुढ्यात टाकला. गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

पव्याचा मेसेज: यंदाच्या पोरांना (नव्या पॅटर्नलाही तूर्त हेच पुस्तक आहे) त्यानं सरळ आकृती शिकवली. पोरांच्या पालकांनी तक्रार केली, पुस्तकाप्रमाणे शिकवत नाहीत. "तुझ्यामुळे माझी शिकवणी बसणार येड्या." खाली पुन्हा जोडलेले हात. या वेळी माझ्यासाठी असावेत.

२९ जाने., गुरु. कॉलेज, बाहेरच्या बाकावर

सर आले. साडेदहाच्या बसनं. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. पिशवीत काय, दिसलं नाही. मला म्हणाले, "बस इथं." आत गेले, दार लागलं.

अर्धा तास झाला. आतून आवाज येतो, शब्द कळत नाहीत. एकदा मॅडम मोठ्यानं काहीतरी म्हणाल्या. एकदा सरांनी "प्रूफ" म्हटलेलं नक्की ऐकलं. मग पंख्याचा आवाज.

त्यांनी नाही लिहून दिलं तर? नाही तर नाही. पुन्हा तोच प्रश्न आला तर पुन्हा तोच काढीन. पण पुन्हा परीक्षाच नाही, हे मध्येमध्ये विसरतो मी.

दार उघडलं. शिपाईभाऊ बाहेर आले. वाटलं मला बोलावतायत.

"कोरा कागद आहे का रे? आत सगळे एका बाजूनं छापलेले निघताय."

"कोणाला पाहिजे?"

"मला काय सांगतात का ते? लवकर दे."

याच वहीची मागची पानं फाडून दिली. दोन. एक चुकलं तर.